टेक्सास : प्रदूषण-नियंत्रण करसवलतीच्या सल्लागार समितीवर नाव द्यायचंय. कोणत्या गटातून?

शिपचॅनल

टेक्सासमध्ये प्रदूषण आवरण्यासाठी बसवलेल्या यंत्रसामग्रीवरचा प्रॉपर्टी टॅक्स माफ होतो. इथे सगळे त्याला 'प्रॉप २' म्हणतात. या योजनेच्या नियमांवर टीसीईक्यूला, म्हणजे राज्याच्या पर्यावरण आयोगाला, सल्ला देणारी एक कायमची समिती आहे. नाव भलतंच लांब: टॅक्स रिलीफ फॉर पोल्युशन कंट्रोल प्रॉपर्टी ॲडव्हायझरी कमिटी. पुढच्या वेळी नावं मागवली की अर्ज टाकावा असं मनात आहे.

केमिकल इंजिनिअर आहे, पीई (प्रोफेशनल इंजिनिअर) लायसन्स आहे, ह्यूस्टनजवळच्या एका रिफायनरीत एअर परमिटिंगचं काम. उद्योगाच्या जागेसाठी चुरस जास्त असणार, म्हणून 'तांत्रिक तज्ज्ञ' या गटातून नाव द्यायचा विचार आहे. चालेल का? समितीपुढे आमच्याच कंपनीचा अर्ज आला तर बाहेर जाऊन बसायचं का? ग्रीन कार्ड अजून नाही, त्याने अडेल का? आणि पत्रात काय लिहावं? कलम ११.३१ दोनदा वाचलं, दोन्ही वेळा पोटकलम (के) पर्यंत पोचून डोकं गरगरलं.

बॅगहाउस

पहिल्याच प्रश्नात गडबड आहे. तुम्ही तांत्रिक गटात बसत नाही.

टॅक्स कोडच्या कलम ११.३१ मधलं पोटकलम (एन) वाचा. समितीत उद्योग, अप्रेझल डिस्ट्रिक्ट (करासाठी मालमत्तेचं मूल्य ठरवणारी संस्था), कर लावणाऱ्या स्थानिक संस्था आणि पर्यावरण संघटना यांचे प्रतिनिधी असतात. शिवाय प्रदूषण-नियंत्रण तंत्रज्ञान आणि पर्यावरण अभियांत्रिकी यांत दांडगं ज्ञान असलेली माणसं असतात, पण ती या चारांपैकी कुणाचीही प्रतिनिधी नसावीत अशी अट आहे. रिफायनरीच्या पगारावर असलेला माणूस उद्योगाचा प्रतिनिधी धरला जाणार, पीई असो वा पीएचडी. त्या जागा विद्यापीठातल्या, स्वतंत्र किंवा निवृत्त लोकांसाठी ठीक. कंपन्यांना सवलत मिळवून देऊन त्यातली टक्केवारी फी घेणारे टॅक्स कन्सल्टंटही कधीकधी 'स्वतंत्र तज्ज्ञ' म्हणून नाव देतात. माझ्या मते तेही उद्योगाच्याच बाजूला मोडतात. तुम्ही सरळ उद्योगाच्या जागेसाठी नाव द्या. चुकीच्या गटात टाकलेलं नाव चुरशीपर्यंत पोचतच नाही. कोणत्या गटातल्या जागा निघाल्यात आणि मुदत किती वर्षांची, हे सूचनेतच दिलेलं असतं. ते बघून पत्राच्या पहिल्या ओळीत गट लिहायचा.

(एन) मध्ये आणखी एक अट आहे. किमान एक सदस्य अशा स्कूल डिस्ट्रिक्टचा (सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) किंवा ज्युनिअर कॉलेज डिस्ट्रिक्टचा हवा, जिथल्या मालमत्तेला ही सवलत मिळालेली आहे किंवा पूर्वी मिळालेली होती. ती अट का, ते आकारणीवाले सांगतील.

दुसरा प्रश्न: समितीपुढे अर्ज येतच नाहीत. कंपनी टीसीईक्यूकडे फॉर्म भरते, फीसकट. अर्जाचे प्रकार तीन: टियर १ (ठरलेल्या तक्त्यातल्या वस्तू) ला १५० डॉलर, टियर २ (तक्त्याबाहेरच्या, पण पूर्णपणे प्रदूषण-नियंत्रणाच्या) ला १,०००, टियर ३ (अंशतः प्रदूषण-नियंत्रणाच्या) ला २,५००. कर्मचारी तपासतात आणि एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर 'यूज डिटर्मिनेशन'चं पत्र देतो: मालमत्ता प्रदूषण-नियंत्रणासाठी पूर्ण वापरात, काही टक्के वापरात, की अजिबात नाही. ते पत्र घेऊन कंपनी काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे जाते. या साखळीत समिती कुठेच नाही. बॉयलर क्रमांक अमुक पात्र की अपात्र, हा तिचा विषय नाही.

तिचा विषय नियम. टियर १ चा तक्ता हा त्यातला मोठा भाग. बॅगहाउस (पिशव्यांतून हवा गाळून धूळ पकडणारं यंत्र), फ्लेअर, थर्मल ऑक्सिडायझर, एससीआर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा), क्लॅरिफायर, धुराड्यावरचे मॉनिटर, अशा वस्तूंची यादी, प्रत्येकीपुढे वर्णन आणि टक्केवारी. तक्त्यातली वस्तू वर्णनाप्रमाणे वापरली की टक्केवारी ठरलेलीच. म्हणून सगळी मारामारी वर्णनातल्या शब्दांवर असते. सिमेंट कारखान्याचं उदाहरण घ्या. क्लिंकर कूलरच्या हवेतली धूळ पकडणारा बॅगहाउस आणि फिनिश मिलच्या (सिमेंट दळणाऱ्या गिरणीच्या) सेपरेटरनंतरचा बॅगहाउस दिसायला एकच: त्याच पिशव्या, तोच पल्स-जेट, तेच हॉपर. पण दुसऱ्याच्या हॉपरमध्ये जमतं ते विकायचं सिमेंट. तो काढला तर मिल मालच देणार नाही, म्हणजे ते उत्पादनाचं यंत्र. तक्त्यात नुसतं 'डस्ट कलेक्टर' लिहिलं तर दोन्हींना १०० टक्के मिळतील. असं वाक्य पकडून दुरुस्त करायला सांगणं, हे सदस्याचं काम.

आकारणी

स्कूल डिस्ट्रिक्टची खुर्ची का, तर पैसा तिथून जातो. टेक्सासमध्ये व्यक्तींवर राज्याचा इन्कम टॅक्स नाही. शाळा, काउंटी, शहर, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट हे सगळे प्रॉपर्टी टॅक्सवर चालतात आणि त्यात शाळेचा वाटा बहुधा सगळ्यात मोठा. साधा हिशेब: २ कोटी डॉलर मूल्याची यंत्रसामग्री करमुक्त झाली आणि सगळ्या संस्थांचा मिळून दर १०० डॉलरला २ डॉलर असला, तर वर्षाला ४ लाख डॉलर त्या गावात येत नाहीत. दोन-तीन मोठे कारखाने आणि बाकी शेतजमीन असलेल्या डिस्ट्रिक्टला हा आकडा चांगलाच जाणवतो.

इंजिनिअर मंडळी हमखास गोंधळतात ते दोन गोष्टींत. टीसीईक्यू ठरवते टक्केवारी, मूल्य ठरवतो चीफ अप्रेझर, म्हणजे अप्रेझल डिस्ट्रिक्टचा प्रमुख. पत्रात ६० टक्के असलं म्हणजे खरेदीच्या किमतीच्या ६० टक्के नव्हे. १ जानेवारीला त्या वस्तूचं जे मूल्य आकारलं गेलं, त्याच्या ६० टक्के. घसारा लागून मूल्य उतरलं की सवलतीची रक्कमही उतरते. मात्र मालमत्ता प्रदूषण-नियंत्रणासाठी वापरली जाते की नाही, हा वाद चीफ अप्रेझरला पुन्हा काढता येत नाही. एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरचा अंतिम निर्णय त्याच्यावर बंधनकारक पुरावा असतो. त्याला हरकत असेल तर पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत आयोगाकडे अपील. अर्जदारालाही तेवढेच दिवस. त्यानंतर कितीही बरोबर असलात तरी उपयोग नाही.

टीसीईक्यूचं पत्र आलं म्हणून सवलत मिळाली असं समजून फाइल बंद करणारेही भेटतात. ५०-२४८ क्रमांकाचा फॉर्म १ मेच्या आत अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे भरावाच लागतो, सोबत ते पत्र. पत्र वेळेत हवं तर टीसीईक्यूकडचा अर्ज जानेवारीतच गेलेला बरा.

समितीत बसल्यावर ही बाजू कळत नसेल तर निम्म्या चर्चेत नुसतं ऐकत बसावं लागतं. कलम २६.०४५ सुद्धा वाचून ठेवा. समिती त्यावरही सल्ला देते. शहर किंवा काउंटीवर प्रदूषण-नियमांमुळे खर्च पडला तर कराचा दर ठरवताना तो खर्च धरता यावा, अशी ती तरतूद. उद्योगातून येणाऱ्यांना ती बहुतेक माहीतच नसते.

शिपचॅनल

दोघांनाही धन्यवाद, उद्योगाचा गट पक्का. टियर ३ चं सूत्र पाहिलं: पीसीएफ, सीसीएन, सीसीओ वगैरे. सल्फर रिकव्हरी युनिटला ते कसं लागू होतं, कुणी आकड्यांत दाखवेल का? आणि एचआरएसजी या बॉयलरवरून इतकी वर्षं कोर्टबाजी का चालली? नावं मागवतात तेव्हा याबद्दल मत विचारतील असं वाटतं.

बॅगहाउस

सूत्र असं:

टक्केवारी = [(पीसीएफ × सीसीएन) − सीसीओ − एनपीव्हीएमपी] ÷ सीसीएन × १००

सीसीएन म्हणजे नव्या यंत्राची भांडवली किंमत. सीसीओ म्हणजे तेच काम करणाऱ्या, पण प्रदूषण-नियंत्रण नसलेल्या यंत्राची किंमत. पीसीएफ म्हणजे जुनी उत्पादनक्षमता भागिले नवी. एनपीव्हीएमपी म्हणजे त्या यंत्रातून मिळणाऱ्या विक्रीयोग्य मालाचं निव्वळ वर्तमान मूल्य: मालाची किंमत वजा तो तयार करण्याचा खर्च, यंत्राच्या आयुष्यभरासाठी, १० टक्के व्याजाने आजच्या किमतीत आणून. मालाची किंमत साधारणपणे गेल्या तीन वर्षांची बाजारातली सरासरी धरायची.

एसआरयू (सल्फर रिकव्हरी युनिट) घ्या, आकडे समजण्यापुरते. युनिट १ कोटी २० लाख डॉलरचं. हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक काढणं एवढंच त्याचं काम, त्यामुळे 'नियंत्रण नसलेलं तेच यंत्र' असं काही नाही, सीसीओ शून्य. क्षमता बदलली नाही, पीसीएफ १. गंधक विकून खर्च वजा जाता वर्षाला २ लाख राहतात, आयुष्य २० वर्षं. १० टक्क्यांनी २० वर्षांचा गुणक ८.५१, म्हणजे सुमारे १७ लाख. (१२० − १७) ÷ १२० = जवळपास ८६ टक्के.

आता गंधकाचा भाव चढला आणि तेच निव्वळ उत्पन्न ५ लाखांवर गेलं, तर वजा होतात साडेबेचाळीस लाखांहून थोडे जास्त आणि उत्तर येतं साडेचौसष्ट टक्के. तेच युनिट, तोच गंधक, फक्त अर्ज वेगळ्या वर्षी. किंवा भाव तोच, पण रिफायनरीने याच प्रकल्पात क्षमता ८० वरून १०० वर नेली, पीसीएफ ०.८, मग (९६ − १७) ÷ १२० = सुमारे ६६ टक्के. वाढवलेल्या क्षमतेचा भाग उत्पादनाचा, त्यावर सवलत नको, हा त्यामागचा विचार. तो मला पटतो. भावाचं मात्र पटत नाही, आणि समितीपुढे मांडण्यासारखा तो खरा मुद्दा आहे: २० वर्षांचा हिशेब तीन वर्षांच्या भावावर उभा करायचा का?

उत्तर शून्य किंवा ऋण आलं तर मालमत्ता अपात्र, असं नियमातच आहे. आणि इथेच एचआरएसजी आलं.

कम्बाइन्ड-सायकल वीजकेंद्रात गॅस टर्बाइनच्या गरम धुरातून वाफ करणारा बॉयलर म्हणजे एचआरएसजी. त्या वाफेवर दुसरी टर्बाइन फिरते. तेवढ्याच गॅसमधून जास्त वीज, म्हणून दर मेगावॉट-तासामागे नायट्रोजन ऑक्साइड कमी. कंपन्यांचं म्हणणं: हे प्रदूषण-नियंत्रण. समोरच्यांचं म्हणणं: ही जास्तीची वीज तुम्ही विकताच की. सूत्रात विजेचं मूल्य इतकं मोठं होतं की उत्तर शून्याखाली जातं.

गाठ पडली २००७ मध्ये. त्या वर्षी विधिमंडळाने पोटकलम (के) घालून काही वस्तूंची यादी कायद्यातच दिली आणि त्यात एचआरएसजीचं नाव लिहिलं. आयोगाने आधी त्यांच्यासाठी वेगळा टियर ४ काढला, २०१० च्या शेवटी तो बंद करून सगळ्यांना टियर ३ च्या सूत्रात आणलं. त्यानंतर नकाराची पत्रं गेली. ब्रॅझोस इलेक्ट्रिक पॉवर कोऑपरेटिव्हने केलेला दावा टेक्सासच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि ३ मे २०१९ ला निकाल लागला: विधिमंडळाने जी वस्तू यादीत घातली, ती मुळीच प्रदूषण-नियंत्रणाची नाही असं एक्झिक्युटिव्ह डायरेक्टरला म्हणता येणार नाही. १०० टक्के द्या असं कोर्टाने म्हटलेलं नाही. टक्केवारी काढायची, पण शून्य नाही. म्हणजे आयोगाच्या सूत्राने शून्य येतं आणि कायदा शून्य चालवून घेत नाही. यादी दर तीन वर्षांनी किमान एकदा ताजी करायची आणि एखादी वस्तू काढायची तर ती प्रदूषण कमी करत नाही असा सबळ पुरावा हवा, हेही कायद्यातच आहे. मत विचारलं तर ही दोन टोकं धरून बोला. 'एचआरएसजीला सवलत हवी' किंवा 'नको' एवढंच म्हटलंत तर तुम्ही कुठल्या बाजूचे तेवढं कळेल, बाकी काही नाही.

चाकण_एमआयडीसी

जरा आडवा प्रश्न. आपल्याकडे असं काही आहे का? आमच्याकडे दोन स्क्रबर आणि एक डस्ट कलेक्टर आहे, मालमत्ता करात कुणी विचारत नाही.

आकारणी

मालमत्ता करात नाही, सवलत आयकराच्या घसाऱ्यात होती. इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, फेल्ट फिल्टर, डस्ट कलेक्टर, स्क्रबर, राख हाताळणी अशा ठरावीक यंत्रांवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा. १ एप्रिल २०१७ पासून वरची मर्यादा ४० टक्क्यांवर आली. फरक असा, की भारतात नाव यादीत असलं की झालं. टक्केवारीचं सूत्र नाही आणि गावाच्या तिजोरीला धक्काही नाही. त्यामुळे असल्या समितीची गरजच पडत नाही. तुमच्या सीएला विचारा, डस्ट कलेक्टर साध्या मशिनरीच्या ब्लॉकमध्ये तर टाकलेला नाही ना. तसं सर्रास होतं.

बॅगहाउस

व्हिसाचं राहिलं. (एन) मध्ये नागरिकत्वाची अट लिहिलेली नाही. पण बिनपगारी सरकारी समितीचं काम तुमच्या व्हिसात बसतं का, हे कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून लेखी घ्या, फोरमवरून नको. कंपनीची परवानगीही आधी. मानधन नाही, बैठका ऑस्टिनला, टीसीईक्यूचं कार्यालय शहराच्या उत्तरेला आय-३५ ला लागून. ह्यूस्टनहून तीन तास धरा.

शिपचॅनल

पत्राचा मधला परिच्छेद असा लिहिलाय (मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत टाकतो), झोडा:

"पर्यावरण क्षेत्रात मला १४ वर्षांचा समृद्ध अनुभव असून स्वच्छ हवेविषयी मला मनापासून तळमळ आहे. क्लीन एअर ॲक्टच्या अंमलबजावणीत मी महत्त्वाची भूमिका बजावली आहे. समितीच्या कार्यात मोलाची भर घालता येईल असा मला विश्वास वाटतो."

आकारणी

यात एकही यंत्र नाही, एकही नियम नाही.

बॅगहाउस

आकारणींनी एका ओळीत आटपलं. थोडं पुढे सांगतो.

'क्लीन एअर ॲक्ट' हा शब्द अर्जांमध्येही असाच घोटाळा करतो. सवलतीला पात्र व्हायचं तर वस्तू १ जानेवारी १९९४ नंतर घेतलेली किंवा बसवलेली हवी आणि एखादा पर्यावरण नियम पाळण्यासाठी किंवा त्याहून चांगलं करण्यासाठी हवी. नियम म्हणजे नेमका: रिफायनरीच्या एसआरयूसाठी ४० सीएफआर ६०, सबपार्ट जेए (केंद्राचा नियम), किंवा ह्यूस्टन भागातल्या हीटरवरच्या एससीआरसाठी ३० टीएसी चॅप्टर ११७ (राज्याचा नियम). आख्ख्या कायद्याचं नाव लिहिलं की कर्मचारी खुलासा मागतात आणि महिने जातात. कामगारांच्या सुरक्षेसाठी ओशाच्या नियमाने बसवलेला डस्ट कलेक्टर तर यात येतच नाही, कारण ओशा ही पर्यावरणाची यंत्रणा नाही. हा फरक तुम्हाला माहीत आहे, एवढं पत्रातून दिसलं पाहिजे.

'तळमळ' काढा. साधारण असं होईल:

"उद्योगाच्या जागेसाठी अर्ज करीत आहे. १४ वर्षं रिफायनरीतल्या एसआरयू, फ्लेअर गॅस रिकव्हरी आणि एससीआर यांच्या परमिटचं काम केलं आहे. संबंधित नियम सबपार्ट जेए आणि चॅप्टर ११७. माझ्या कंपनीने कलम ११.३१ खाली अर्ज केलेले आहेत आणि पुढेही करील. टियर १ तक्त्यातल्या वर्णनांची भाषा आणि टियर ३ मधलं विक्रीयोग्य मालाचं मूल्यांकन, या दोन विषयांवर काम करू शकेन."

कंपनीच्या अर्जांबद्दलचं चौथं वाक्य गाळू नका. उद्योगाच्या जागेवरचा माणूस उद्योगाचाच असणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्ही सांगितलं नाहीत आणि दुसऱ्या कुणी शोधून काढलं, तर अवघड होतं. अर्ज मंजूर झाले की फेटाळले ते लिहू नका, कंपनीच्या आतले खर्चाचे आकडे तर नकोच; सरकारी कार्यालयात दिलेलं पत्र कुणीही माहिती मागून वाचू शकतं. बायोडेटा दोन पानांत बसवा. पीई क्रमांक पहिल्या पानावर, लायसन्स कोणत्या राज्याचं तेही लिहा. लुइझियानाचं असेल तर तसं स्पष्ट.

शिपचॅनल

टेक्सासचंच आहे. परिच्छेद बदलला, परवानगीची ईमेल आज मॅनेजरला पाठवतो. सबपार्ट जे की जेए, ते युनिट कधी बांधलं त्यावर ठरतं ना? आमच्याकडे दोन्ही आहेत.

बॅगहाउस

हो, बांधकाम किंवा फेरबदल कधी सुरू झाला त्यावर. दोन्ही असतील तर दोन्ही लिहा.